पाठीवर रेघा नसलेली चिमणी

"मॅडम, तुमच्या चिमणीच्या पाठीवर रेघा आहेत का?"

सोमवारची सकाळ, सव्वादहाची वेळ, हातात गार झालेला चहा, समोर अर्धी लिहिलेली कॉपी आणि एडिटरचे तीन मिस्ड कॉल. अशा वेळी अनोळखी नंबरवरून कुणी हा प्रश्न विचारला तर तुम्ही काय कराल? मी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवणारच होते. पण पलीकडचा आवाज शांत होता. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला.

"मी कोपरगावहून बोलतोय. शाळेत विज्ञान शिकवायचो, आता रिटायर आहे. तुमचा चिमणी दिनाचा लेख वाचला. आवडला. फक्त फोटोतली चिमणी ती चिमणी नाही."

फक्त!

तो लेख ज्यांनी वाचला नसेल (म्हणजे बहुतेक सगळ्यांनीच) त्यांच्यासाठी थोडक्यात. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या 'नेचर फॉरएव्हर सोसायटी'ने २०१० मध्ये तो सुरू केला आणि तेव्हापासून दर मार्चला आम्हा फ्रीलान्सरांना एक हुकमी विषय मिळाला. यंदा मीही तो उचलला. कोपरगावला माझ्या मामांचं शेत आहे. मामांनी ओट्यावर चिमण्यांसाठी लाकडाची पाच खोकी टांगली होती आणि बांधावरच्या बाभळीवर मी स्वतःच्या डोळ्यांनी सात-आठ चिमण्या पाहिल्या होत्या. झालं, दोन अधिक दोन चार! 'चिमण्या परत आल्या' असं हेडिंग दिलं, बाभळीवरच्या चिमणीचा मोबाइलने काढलेला फोटो लावला आणि बिल पाठवून मोकळी झाले. मामांनी लेख लॅमिनेट करून बाहेरच्या खोलीत साईबाबांच्या तसबिरीशेजारी लावला. भाचीचं नाव छापून आलंय, कमी नाही!

आणि आता हे सर म्हणत होते, की ती चिमणी नव्हेच.

मी जरा चिडूनच म्हटलं, "सर, चिमणीसारखी चिमणी आहे. मादी आहे."

"शक्य आहे. पण तुमच्या बिल्डिंगखाली एखादी चिमणीची मादी असेल ना? तिचा फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवा. आणि पाठ बघा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. होमवर्क! वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी!

पण एकदा किडा वळवळायला लागला की डेडलाइन वगैरे सगळं झूट असतं. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. त्याच्या दारात सांडलेल्या तांदळावर चार-पाच चिमण्या हमखास असतात. तिथे पंधरा मिनिटं उकिडवी बसले. दुकानदाराने दोनदा "काय हरवलं का?" असं विचारलं. फोटो घेतले, वर आले, लॅपटॉपवर दोन्ही चित्रं शेजारी लावली.

आणि मग कपाळाला हात लावला.

आपली घरातली चिमणी, म्हणजे मादी, अंगाने तपकिरी. पण तिच्या पाठीवर काळपट आणि फिक्या रेघा असतात, गोधडीवर धावदोरा घालावा तशा. डोळ्यामागे फिकट भुवई. चोच आखूड आणि जाड. माझ्या बाभळीवरच्या बाईंची पाठ एकदम कोरी. राखाडी-तपकिरी, धुऊन इस्त्री केल्यासारखी. पंखावर दोन पांढरे पट्टे, वरचा जास्त रुंद. चोच बारीक आणि जरा लांब. अंगही सडपातळ. महिनाभर तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि यातलं एकही मला दिसलं नव्हतं. डोक्यात आधीच 'चिमणी' असं लिहिलेलं होतं ना!

संध्याकाळी सरांना फोन केला. "रेघा नाहीत," मी म्हटलं.

"शाब्बास. मग ती रानचिमणी," सर म्हणाले. "पीतकंठी चिमणीसुद्धा म्हणतात. पिवळ्या गळ्याची. आणि मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या आधी एका फार मोठ्या माणसाचा याच पक्ष्यावरून गोंधळ झाला होता."

हा मोठा माणूस म्हणजे सालिम अली. गोष्ट कदाचित तुम्ही शाळेत ऐकली असेल. मीही ऐकली होती, पण अर्धवट. १९०८ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईत मामांकडे वाढलेला एक मुलगा, वय दहा-बारा, हातात छऱ्याची एअरगन. त्याने एक चिमणी पाडली. उचलून बघतो तर दिसायला घरातल्या मादीसारखी, पण गळ्यावर पिवळा डाग. मामांना, म्हणजे अमिरुद्दीन तय्यबजींना, दाखवली. मामा स्वतः शिकारी, पण त्यांनाही नाव सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी दिली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. १८८३ सालची ही संस्था. तिचे सेक्रेटरी डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखलाच, शिवाय कपाटांचे खण उघडून त्या मुलाला पेंढा भरून ठेवलेले पक्षी दाखवले. त्या खणांमधून पुढे भारतातल्या पक्षिशास्त्राचा अख्खा रस्ता निघाला. सालिम अलींनी १९८५ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'.

आता कबुली. हे पुस्तक माझ्या शेल्फवर आहे. मास कॉमला असताना घेतलेलं. आणि इतकी वर्षं मी समजत होते की त्यातली चिमणी म्हणजे आपली खिडकीतली चिमणी! गळा पिवळा होता हे वाचलं होतं, पण ती वेगळी जात आहे आणि आजही महाराष्ट्राच्या माळावर बाभळीबाभळीवर बसते, हे डोक्यात शिरलंच नव्हतं.

दोघी एकाच कुळातल्या. पण घरचिमणी 'पॅसर' या प्रजातीतली आणि रानचिमणी 'जिम्नोरिस'. म्हणजे आडनाव एक, चूल वेगळी. शास्त्रीय नाव 'जिम्नोरिस झॅन्थोकॉलिस', यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'पिवळ्या गळ्याची'. इंग्रजीत जुनं नाव 'यलो-थ्रोटेड स्पॅरो', नवीन पुस्तकांत 'चेस्टनट-शोल्डर्ड पेट्रोनिया' असंही सापडेल. कारण नराच्या खांद्यावर तांबूस-विटकरी ठिपका असतो. तुर्कस्तान, इराक, इराणपासून भारतापर्यंत हिचा वावर. आणि आमच्या मामांच्या बांधावर, मुक्काम पोस्ट कोपरगाव.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी पुण्याहून एसटी पकडली. एडिटरला सांगितलं की दुरुस्ती छापायची तर आधी खात्री करायला हवी. तिला वाटलं मी वीकेंडला शिर्डीला चालले आहे. बहुतेकांना कोपरगाव असंच माहीत असतं: शिर्डीसाठी उतरायचं स्टेशन. इतिहासवाल्यांना राघोबादादांमुळे. उरलेल्यांना 'समृद्धी'च्या बोर्डामुळे.

खरं तर या तालुक्याची गोष्ट पाण्याची आहे. गोदावरी मधून वाहते. वर नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेले कालवे ब्रिटिशांच्या काळातले. कालवा आला तिथे ऊस आला, ऊस आला तिथे कारखाना आला. जिथे पाणी पोचलं नाही तिथे माळ राहिला: मुरमाड जमीन, हिवर, बाभूळ, बोर, नेपतीची काटेरी झुडपं. ऊस आणि माळ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्याला बांध म्हणतात. आणि माझी सगळी गोष्ट त्या बांधावरच घडते.

रविवारी सकाळी सहाला सर हजर. सायकलवर. डोक्याला कॅप, गळ्यात दोरीला बांधलेली जुनी दुर्बीण. मामांनी त्यांना चहा दिला आणि मला विचारलं, "एवढ्या लांबून चिमणी बघायला आली व्हय? हितं खोकी टांगलीत ना तुझ्यासमोर."

खोक्यांकडे बघितलं. पाचपैकी दोनांत खरोखरच घरचिमण्या होत्या. गवताच्या काड्या बाहेर लोंबत होत्या, नर गळ्याशी काळा बिब घालून चिवचिवत होता. म्हणजे माझा लेख पूर्ण खोटा नव्हता. फक्त फोटो एकीचा आणि गोष्ट दुसरीची होती. यालाच आमच्या धंद्यात 'फॅक्ट चेक करायचं राहिलं' म्हणतात.

बांधावर गेलो. बाभूळ जुनी, वरचा शेंडा वठलेला, साल सुटलेली. सरांनी पंचवीस पावलांवर बसायला सांगितलं. "आता बोलायचं नाही. आणि पिवळा गळा शोधायचा नाही."

"मग काय शोधायचं?"

"तो सगळ्यात शेवटी. गळ्यावरचा डाग लिंबाच्या सालीएवढा फिका असतो, आणि पक्ष्याने मान वर केली तरच दिसतो. मादीला तर बहुतेक नसतोच. खांद्याचा विटकरी रंगही बसलेला असताना पिसांखाली झाकतो. जे नाव सांगतं ते दाखवत नाही. म्हणून आधी पाठ, मग पंख, मग चोच, मग बसायची जागा."

हा क्रम मी वहीत लिहून घेतला. एरवी माझा क्रम उलटा असतो. आधी हेडिंग, मग बाकीचं.

अर्धा तास काहीच नाही. एक कोतवाल येऊन गेला. वेड्या बाभळीत साळुंक्या भांडत होत्या. उन्हाचा चटका लागायला लागला आणि माझा हात सवयीने मोबाइलकडे गेला. मोबाइलमध्ये पक्षी ओळखणारं एक अ‍ॅप होतं. मी लेखातला फोटो त्याला दाखवला. अ‍ॅप आत्मविश्वासाने म्हणालं, 'हाउस स्पॅरो'. माझ्यासारखंच!

तेवढ्यात वरून आवाज आला. चिल्प, चॅल्प, चोल्प. चिवचिवाटच, पण कुणीतरी ट्यून केलेला. घरचिमणी कशी एकाच पट्टीत कटकट करते, तशी नाही. यात स्वर खालीवर होत होता. सर नुसते हसले आणि बोटाने शेंड्याकडे दाखवलं.

वठलेल्या फांदीवर एक पक्षी. पाठ आमच्याकडे. कोरी. पंखावर दोन पांढरे पट्टे, अगदी स्पष्ट. तो वळला तेव्हा चोच दिसली, काळी कुळकुळीत. सर कुजबुजले, "नर आहे. विणीच्या दिवसांत चोच काळी होते, एरवी फिकट." त्याने शेपटी झटकली, दोन उड्या मारल्या, मान वर केली. एक सेकंद, फार तर दीड. पण त्या दीड सेकंदात गळ्याखाली पिवळं दिसलं. हळदीच्या बोटाने कुणी हलकेच पुसावं, तेवढंच.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. दुर्मीळ काही पाहिलं म्हणून नाही. ही चिमणी दुर्मीळ नाहीच. जगातल्या धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या यादीतही ती नाही. काटा आला तो याचा, की हा पक्षी मी लहानपणापासून प्रत्येक सुट्टीत बघत आले असणार. याच बाभळीखाली आम्ही मामेभावंडांनी चिंचोके खेळले. आणि एकदाही पाहिला नाही.

मग सर एकेक सवय सांगत गेले आणि पुढचे दोन तास समोरचं झाड म्हणजे क्लासरूम झाली.

ही झाडावरची चिमणी. घरात येत नाही, पंख्यावर बसत नाही, आरशात बघून चोच मारत नाही. माणूस जवळ आला की मुकाट्याने पलीकडच्या झाडावर जाते. उडताना सरळ जात नाही, लाटेसारखी खालीवर होते. थंडीत मात्र थव्याने कापणी झालेल्या रानात उतरते, दाणे वेचते, कधीकधी घरचिमण्यांच्या घोळक्यातसुद्धा मिसळते. त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. खाणं म्हणाल तर गवताचं बी, धान्य, बोरांसारखी फळं, किडे. आणि फुलांतला मध! नेपतीच्या आणि मोहाच्या फुलांत ती डोकं खुपसते आणि कपाळाला पराग फासून बाहेर येते. कपाळभर पिवळी चिमणी दिसली तर नवीन जात सापडली म्हणून नाचू नका, नाष्टा करून आली आहे एवढंच. या फुलाचा पराग त्या फुलाला नेऊन नेपतीचं कामही तीच करते.

आणि घर? ती स्वतः पोखरत नाही. चोच तशी नाहीच. झाडाची आयती ढोली बघते, नाहीतर सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने पोखरून सोडून दिलेलं भोक. कधी भिंतीतलं, खांबातलं छिद्रही चालतं. आत गवत, केस, पिसं अंथरून तीन-चार अंडी.

आमच्या बाभळीवरचं भोक सरांच्या मते मराठा सुताराचं होतं. हा चेष्टेचा भाग नाही. पिवळसर कपाळाच्या या छोट्या सुतार पक्ष्याचं शास्त्रीय नावच 'महरॅटेन्सिस' आहे. म्हणजे मराठा सुताराने बांधलेलं घर आणि त्यात रानचिमणी भाडेकरू. ना डिपॉझिट, ना ब्रोकरेज, ना अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. गेल्या चार वर्षांत तीन फ्लॅट बदललेल्या मुलीला याचं किती कौतुक वाटलं असेल, विचार करा.

साडेआठच्या सुमाराला मादी आली. चोचीत काडी. आजूबाजूला बघितलं, एकदा येऊन पुन्हा उडून गेली, मग गुपचूप भोकात शिरली. आत बिऱ्हाड मांडणं चाललं होतं.

"छान झालं," मी मामांना म्हटलं. ते मागे कधी येऊन उभे राहिले होते कळलंच नाही.

"काय बघू राहिली एवढं?"

सांगितलं. दुर्बीण दिली. मामांनी बघितलं, "हां, चिमणीच हाये," म्हणाले, आणि मग सहज सांगावं तसं म्हणाले, "बुधवारी जेसीबी येणारे. हा बांध काढायचाय."

मला आधी समजलंच नाही.

ऊस तुटून गेला होता. खोडवा ठेवायचा नव्हता. नांगरट, मग नवीन सऱ्या. शेजारच्याशी बोलणं झालं होतं, दोघांत मिळून जेसीबी ठरला होता. बांध अरुंद करायचा, बाभूळ मुळासकट काढायची. मामांची कारणं ऐकलीत तर तुम्हीही मान डोलवाल. बाभळीची मुळं दोन्हीकडच्या सऱ्यांत जातात. हिरव्या फांद्यांच्या सावलीत ऊस वाढत नाही. ट्रॅक्टर वळवायला जागा लागते. झुडपात साप असतात. आणि बिबट्याची भीती आहे ती वेगळीच, संध्याकाळी पाणी द्यायला जायचं तर दोघं लागतात. एसी ऑफिसात बसून 'झाडं वाचवा' म्हणणाऱ्यांत मी नाही, असं मला नेहमी वाटायचं. त्या क्षणी माझ्याकडे एकही उत्तर नव्हतं.

तरी म्हटलं, "मामा, पण चिमण्यांचं घर आहे ना त्यात."

मामा हसले. "अगं, तूच लिहिलं ना? चिमण्या खोक्यात आल्या म्हणून. भिंतीला लावलाय मी. मंग आता बाभळीचं काय काम?"

हा प्रश्न मला पुण्यात परत येईपर्यंत पुरला, आणि आजही पुरतो आहे. मी एका फोटोखाली चुकीचं नाव लिहिलं. आपल्याला वाटतं, त्यात काय, चिमणी ती चिमणी. लाइफस्टाइलचं पान, दोन मिनिटांचं वाचन, पुढच्या आठवड्यात त्यात भेळ. पण मामांनी ते वाचलं आणि खरं मानलं. चिमण्यांची सोय खोक्यांत झाली आहे असं माझ्या लेखात होतं. मग झाड काढायला हरकत काय? खोक्यातली चिमणी वेगळी, बाभळीतली वेगळी, हे कळलं असतं तर हिशेब वेगळा झाला असता. नाव चुकलं की हिशेब चुकतो.

आणि हे फक्त मामांच्या बांधाचं नाही. केंद्र सरकारने २००० साली पहिला 'वेस्टलँड अ‍ॅटलस' काढला. देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे. त्यात झुडपी जमीन हा पडीकचाच एक प्रकार. कागदावर 'पडीक', म्हणजे तिथे काहीच नाही, काहीतरी करायला हवं. खरं तर आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, अशाच गवत-झुडपांचं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी १९७९ मध्ये माळरानाचं अभयारण्य झालं. म्हणजे माळ रिकामा नसतो हे सरकारलाही माहीत आहे. फक्त काळवीट आणि माळढोक मोठे असतात, दिसतात. रानचिमणी चौदा सेंटिमीटरची, कोऱ्या पाठीची, आणि बघणाऱ्याला आधीच वाटत असतं की आपण तिला ओळखतो.

'चिमण्या गेल्या' हे आपलं शहरवाल्यांचं रडगाणंही जरा तपासून बघायला हवं, बरं का. २०२० च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात घरचिमणी देशपातळीवर साधारण स्थिर असल्याचं दिसलं, घट होती ती मोठ्या महानगरांत. म्हणजे आपल्या खिडकीतून गेली, देशातून नाही. आपण खिडकीकडे बघून सगळ्या देशाबद्दल लिहितो. मीही तेच केलं होतं.

असो. बांधावर परत येऊ.

मी गप्प होते. बोलले ते सर. त्यांनी पर्यावरण, जैवविविधता असा एकही शब्द काढला नाही. विचारलं, "सावली कुठल्या फांद्यांची पडते?"

"खालच्या. हिरव्या."

"वठलेल्या शेंड्याची पडते का?"

मामांनी वर बघितलं. वाळक्या लाकडाची कसली सावली पडणार?

"मग खालच्या दोन फांद्या काढा ना. जळणाला होतील. खोड राहू द्या. ट्रॅक्टर इकडून वळेल." सर उठले आणि पावलं टाकून दाखवलं. एक, दोन, तीन... बाभळीच्या दोन्ही बाजूंना मिळून पंधरा फूट. "एवढा बांध सोडला तर किती ऊस जाईल?"

मामा मनात हिशेब करत होते. शेतकऱ्याला पंधरा फूट म्हणजे गंमत नसते. बांध दोघांचा, शेजारच्यालाही विचारायला हवं. आणि वठलेलं खोड वादळात अंगावर पडलं तर? सगळे मुद्दे निघाले. चहा पुन्हा झाला. मी मध्ये काही बोलले नाही. माझ्या पगाराने, म्हणजे जो काही असतो त्याने, त्या बांधावर काही फरक पडत नाही. पडतो तो मामांच्या ऊसबिलाने.

शेवटी मामांनी विचारलं, "पिल्लं कधी उडत्यात?"

"पावसापर्यंत आटोपतं सगळं," सर म्हणाले.

"मंग पावसापर्यंत थांबू. पुढचं पुढं."

एवढंच. बुधवारी जेसीबी आला. बांध निघाला. पंधरा फूट सोडून. मामेभावाने फोटो पाठवला: दोन्हीकडे तांबडीकाळी उकरलेली माती आणि मधे दोन फांद्या छाटलेली बाभूळ, मुंज लागलेल्या मुलासारखी. नेपतीचं झुडूप मात्र गेलं. ते पंधरा फुटांच्या बाहेर होतं. त्याचं कुणी बोललंच नव्हतं. मीही नाही.

पावसानंतर काय होईल? माहीत नाही. याला विजय वगैरे म्हणायची माझी हिंमत नाही. पण या वीकेंडला तुम्ही शहराबाहेर पडणारच असाल, ट्रेकला, ढाब्यावर, फार्महाउसवर, तर गाडी रस्त्याच्या कडेच्या एखाद्या बाभळीपाशी दहा मिनिटं थांबवा. गाणी बंद करा. चिमणीसारखी चिमणी दिसली तर आधी पाठ बघा: रेघा आहेत की कोरी? मग पंख: दोन पांढरे पट्टे आहेत का? मग चोच: जाड की बारीक? मग जागा: झाडाचा शेंडा की माणसाचं घर? हे चारही जमलं, की मग मान वर करायची वाट बघा. पिवळा दिसला तर बोनस. नाही दिसला तरी पाठ खोटं बोलत नाही.

आणि तुमच्या गावाकडे कुणी एखाद्या तुकड्याला 'पडीक' म्हणालं, तर एकदा तिथे सकाळी सहाला जाऊन बसा. उगाच भांडू नका. नुसतं बसा.

आता अधिकृत दुरुस्ती, एडिटरच्या परवानगीने. मार्चमधल्या लेखातल्या फोटोत दिसणारा पक्षी घरचिमणी नसून रानचिमणी आहे. ती परत आलेली नाही. ती तिथेच होती. चूक माझी.

परवा रात्री मामांचा फोन आला. जेवण झालं का, पगार वाढला का, लग्नाचं काय, हे तीन नेहमीचे प्रश्न झाले. मग जरा थांबून म्हणाले, "सकाळी बघितली. दुर्बीण सरांनी ठेवलीये हितं. पाठीवर रेघा नाहीत, खरंय तुझं."

"माझं नाही मामा, सरांचं."

"तेच ते. ऐक, नवीन लेख लिहिशील ना, त्याच साइजचा लिही. जुन्याच्या जागी लावायचाय."